पाण्यात फ्लोराइड मिसळावं का? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आमच्या पाणीपुरवठ्यात फ्लोराइड मिसळायचं घाटतंय आणि रहिवाशांची मतं मागवली आहेत. होकार द्यावा की नाही, जाणकारांनी कृपया सांगा.

१९४५ साली अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात हे पहिल्यांदा सुरू झालं आणि तिथल्या मुलांच्या दातांची कीड बरीच कमी झाली. पण तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघरी नव्हती. आता ती आहे, त्यामुळे पाण्यातून होणारा जास्तीचा फायदा पूर्वीपेक्षा कमी, असं कॉक्रेन (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) च्या २०२४ च्या आढाव्यात दिसतं. तरीही ज्या मुलांना दातांचा डॉक्टर परवडत नाही, त्यांना पाण्याचाच आधार; हे मला फार मोलाचं वाटतं.

काळजी आहे ती आमच्या धाकटीची. ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घेते आणि निम्मी गिळून टाकते, कितीही सांगा. तिचे पक्के दात अजून हिरडीत घडतायत, आणि याच वयात फ्लोराइड जास्त झालं की दातांवर पांढरे चट्टे उमटतात. अमेरिकेत लिटरला ०.७ मिलिग्रॅम सुचवतात, जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा १.५ आहे. मग पाणी आणि पेस्ट मिळून हिशोब कसा धरायचा?

जलशुद्धीकरण केंद्रात कुणी काम केलंय का? पाण्यात मुळात किती फ्लोराइड आहे, ते आधी मोजतात ना? मात्रा किती वेळा तपासतात? आणि आरओमधून बरंचसं फ्लोराइड निघून जातं, तर आरओ असलेल्या घरांना याचा उपयोग काय? दंतवैद्यांनी तर जरूर लिहा.