बेळगावात नर्सिंग कॉलेजं इतकी, मग खानापूरच्या जंगलातली बाई उपेक्षित का?

कणकुंबीकर
बेळगावात नर्सिंग शिकायला परराज्यांतून मुलं येतात. त्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरची अडलेली बाई मात्र पावसाळ्यात अजून माणसांच्या खांद्यावरून खाली आणावी लागते. रस्त्याबद्दल पुष्कळ बोलून झालंय. मला बोलायचंय ते दवाखान्यात पोचल्यावर काय होतं त्यावर.

सिस्टर विचारते, शेवटची पाळी कधी आली? गुरं राखणाऱ्या गवळी समाजातली बाई सांगते, "शिमग्याच्या आधी आठ दिवस." सिस्टर तेच कन्नडात, आवाज चढवून विचारते. बाई गप्प होते आणि कागदावर लागतं, 'तारीख माहीत नाही'. होळी कधी होती ते भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं की! तिथून आठ दिवस मागं गेलं की तारीख मिळते, आणि बाळंतपणाचा सगळा हिशेब त्याच तारखेवर चालतो.

न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांतल्या इरिहापेटी राम्सडेन या नर्सनं आग्रह धरला की रुग्णाला दवाखान्यात सुरक्षित वाटलं की नाही, हे रुग्णानंच ठरवायचं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं १९९२ मध्ये हा विचार नर्सिंगच्या शिक्षणात आणला. कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगानंही २०१५ मध्ये सांगितलं की वैद्यकीय आणि नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आदिवासींच्या आरोग्याचा विषय सक्तीचा हवा. आपल्याकडेही हवा. बेळगावच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं महिनाभर खानापूरच्या आणि शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडाच्या वाड्यांवर काम करावं.

रात्रपाळी
आवाज चढवणं चूकच, त्याची बाजू घेणार नाही. पण रात्री अख्खा वॉर्ड एकटीवर असला की काय होतं, ते आम्हा सिस्टरना विचारा. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकांमागं एक आरोग्य उपकेंद्र असा नियम आहे. वाड्या इतक्या विखुरलेल्या की तेवढी माणसं मोजायला अर्धं जंगल फिरावं लागेल. तिथं नेमलेल्या सिस्टरला राहायला धड खोली नाही, रात्री सोबत नाही. आणि तुमचे महिनाभराचे विद्यार्थी? फोटो काढतील, फाइल भरतील, परत येतील. वाडीवरच्या बायकांनी दरवर्षी नव्या पोरांना तीच माहिती का द्यायची? आधी जागा भरा.

जोयडाची लेक
दोघंही बाहेरून कोण येणार तेच बोलताय. आमच्यातली मुलगी सिस्टर का होऊ नये? आफ्रिकी वंशाच्या सिद्दींना उत्तर कन्नडात २००३ मध्ये अनुसूचित जमातीत घेतलं, बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना २०२० मध्ये. म्हणजे जागा राखीव आहेत. खरं बीएस्सी नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, आणि वाडीवरच्या शाळेनंतर हायस्कूलसाठीच पोरीला घर सोडावं लागतं. विज्ञान कुठलं घेणार ती? गवळ्यांची आणि कुणब्यांची अनुसूचित जमातीत घेण्याची मागणी तर रेंगाळलेलीच आहे. घरची बोली बोलणारी सिस्टर समोर दिसली की आमची बाई आपणहून बोलते. ते महिनाभरात कुणाला शिकवून येत नाही.

निपाणीकर
ताई, पटतंय, पण शिकलेली मुलगी वाडीवर परतेल का? गोवा, बेंगळुरू, आखात, सगळीकडं जास्त पगार आहे. सरकारी पैशानं शिकवायचं तर पाच वर्षं गावात काम करण्याचं बंधपत्र घ्या.

जोयडाची लेक
शहरातल्या मुलीनं आखातात जायचं आणि गवळ्याच्या पोरीनं बंधपत्रावर जंगलात राहायचं, हा कुठला न्याय? घ्यायचं तर सगळ्यांकडून घ्या.

कणकुंबीकर
बंधपत्राला माझाही विरोध आहे. पण ताई, तुमची मुलगी बारावी होऊन सिस्टर होईपर्यंत सात-आठ वर्षं जातील. तोवर बाळंतपणं थांबणार नाहीत, म्हणून आज शिकणाऱ्यांना तयार करायचा आग्रह मी सोडत नाही. फक्त रात्रपाळीताई म्हणतात ते धरून, दरवर्षी नवी वाडी नको. एका कॉलेजनं एकच भाग कायमचा घ्यावा आणि विद्यार्थ्यांना गुण देताना आशाताईचं आणि वाडीवरच्या बायकांचं मत धरावं.

जोयडाची लेक
चालेल. त्याच कॉलेजनं खानापूर आणि हळियाळात अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलींचं वसतिगृहही चालवावं. फी नंतर बघू, आधी राहायची सोय.