दुर्मिळ गाडीची किंमत म्हणे दहा मिनिटांत!

तेलकट_हात:

काल 'हिशेबी' यांनी ठोकून दिलंय: "जुनी दुर्मिळ गाडी विकायची तर मूल्यांकनकाराला पैसे कशाला चारायचे? लिलावांचे आकडे उघड्यावर पडलेत. तसल्याच गाडीला सर्वांत जास्त किती मिळाले ते बघा, दहा टक्के उतरवा, झाली किंमत. दहा मिनिटांचं काम." खाली ओळीने "अगदी बरोबर", "सहमत". रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून वेगळं लिहितोय. लांबलं तर लांबलं.

सर्वांत जास्तच बघायचं ना? मे २०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोंना गेली. तशा दोनच बनल्या आणि दोन्ही कंपनीने स्वतःकडे जपल्या होत्या. पण तो आकडा छापून आल्यापासून ज्याच्या दारात मर्सिडीजचा तारा लावलेली जुनी गाडी आहे त्याला रात्री झोप नाही. त्यात आमचे मामा.

मामांकडे मर्सिडीजचीच १९० एसएल आहे. पंखासारखी वर उघडणाऱ्या दारांची ती ३०० एसएल गलविंग, तिची धाकटी बहीण म्हणा, तोंडावळा तोच. पण गलविंग बनल्या १,४०० आणि १९० एसएल २५,८८१. बरं, गलविंगमध्येसुद्धा २९ गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची होती. त्यातली एखादी विकली गेली की तिचा भाव साध्या गलविंगला लावायचा का? "तसलीच गाडी" म्हणजे नक्की कुठली, हे ठरवण्यातच तुमची दहा मिनिटं संपली.

शिवाय छापलेला आकडा विकणाऱ्याच्या खिशात जात नाही. ऑगस्ट २०१८, अमेरिकेतल्या माँटेरेचा लिलाव, फेरारी २५० जीटीओ. हातोडा पडला ४.४ कोटी डॉलरला, बातमीत आले ४.८४ कोटी. मधले ४४ लाख घेणाऱ्याने लिलाववाल्यांना दिलेले. विकणाऱ्याकडून कमिशन कापलं तर ते आणखी वेगळं. आणि ज्या गाड्या राखीव किमतीपर्यंत, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान आकड्यापर्यंत, पोचल्याच नाहीत, त्या विक्रीच्या यादीत तुम्हाला दिसणार कुठून?

आता मामांचा किस्सा. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. खिशातून चुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं, बॉनेटला लावलं. पडलं. दरवाजाला लावलं, पडलं. डिकीच्या झाकणाला, तेच. "काका, सगळीकडे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय हो, पत्रा उरलाच नाही," असं म्हणून मामांच्या मनात होते त्याच्या एक तृतीयांश पैसे देऊ केले. मामा हो म्हणायच्या बेतात होते. नशीब, मामींनी मला फोन केला. अहो, १९० एसएलचं बॉनेट, दरवाजे आणि डिकीचं झाकण कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचं आलेलं असतं! चुंबक चिकटलं असतं तर घाबरायचं.

मग मी तेच चुंबक दरवाजाखालच्या पट्टीला लावलं. ती पोलादी. पुढच्या बाजूला खट्टकन बसलं, मागच्या चाकाजवळ वीतभर जागेत मात्र घसरून खाली आलं. तिथे लांबी आहे, आणि टोकरून बघितलं तर आत गंजाचा भुगा. म्हणजे गिऱ्हाईक भलत्या जागी खरं बोलून गेलं.

पुढे कारखान्याचं डेटा कार्ड काढलं, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी निघाली त्याची नोंद. त्यावर रंग डीबी १८०, म्हणजे चंदेरी राखाडी. गाडी आज लालभडक. इंजिन नंबर कार्डाशी जुळला, मी आणि मामींनी टॉर्च धरून तीनदा वाचला. कार्ब्युरेटर मात्र सोलेक्स कंपनीच्या जागी वेबर कंपनीचे. मूळची सोलेक्सची जोडी कुठे, तर पोटमाळ्यावर बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मामी ती भंगारात काढणार होत्या. यातली एकेक गोष्ट किंमत वर नाहीतर खाली नेते. एवढं करायला मला दोन दिवस लागले, आणि किंमत अजून काढलेलीच नाही.

हिशेबी:

माझं वाक्य सोयीने छाटलंत. पुढच्याच ओळीत "त्याच अवस्थेतली" असं स्पष्ट होतं. ते गाळलं की समोरचा मूर्ख दिसतो, सोपं आहे.

आणि मूल्यांकनकारांवरचा राग हवेतून आलेला नाही. वडिलांच्या माघारी त्यांच्या गाडीचं रीतसर मूल्यांकन करून घेतलं. चाळीस पानी अहवाल, त्यातली तीस पानं फोटो. आकडा वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आकड्याला दोन वर्षं गाडी उभी. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. शेवटी साठ टक्क्यांना गेली, तीही घेणाऱ्याने बॅटरी स्वतः आणली म्हणून. तज्ज्ञसाहेबांना फोन केला तर म्हणे, "तो आकडा विम्यासाठीचा होता." त्यापेक्षा माझी दहा मिनिटं परवडली.

चार_आणे:

अहवालात 'मूल्यांकनाचा हेतू' असा रकाना असतो. वाचला होता का? विम्याची किंमत म्हणजे गाडी उद्या जळाली तर तशीच दुसरी आणायला किती पडतील. विकायची किंमत म्हणजे आज दारात उभा असलेला माणूस किती मोजेल. दोन्हींत फरक पडणारच. तुम्हीच त्यांना सांगितलं नसेल कशासाठी हवंय ते.

हिशेबी:

चाळीसच्या चाळीस पानं वाचली होती. असला रकाना नव्हता.

हिशेबी:

होता. पान दोन. बारीक अक्षरात.

सहज_आलो:

'दिसला आकडा की धर' वाल्यांसाठी एक आठवण. माँटेरे, ऑगस्ट २०१९, पोर्शे टाइप ६४, १९३९ ची. लिलावाच्या पडद्यावर बोली तीन कोटींपासून चढत सात कोटी डॉलरपर्यंत गेली. लोक उभे राहून टाळ्या पिटतायत. मग खुलासा, की ऐकण्यात घोटाळा झाला, खरी बोली १.७ कोटी. गाडी विकलीच गेली नाही. बाजारात तुरी!

धूळभक्त:

मूळ लेख चांगला, पण खरा मुद्दा एका ओळीत उरकलात. डीबी १८० ची गाडी लाल केली, तिथेच अर्धी किंमत मातीत गेली. जुन्या गाडीला हात लावायचाच नसतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बायों संग्रहाचा लिलाव झाला, ५९ गाड्या, बहुतेक शेडमध्ये सडलेल्या. त्यातली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती. साधी पुसलीसुद्धा नाही, धुळीसकट मांडली. १.६३ कोटी युरो! चकाचक करून आणली असती तर एवढे आले असते का? मामांना सांगा, आता तरी काही करू नका.

पत्राठोक:

हे धूळप्रकरण आता डोक्यात जातं. तीस वर्षं पत्रा ठोकतोय. त्या स्पायडरला धुळीचे पैसे मिळाले असं वाटतंय का तुम्हाला? ती गाडी फ्रेंच नट ॲलँ दलाँची होती, आणि तो सांगाडाच मुळात दुर्मिळ. तुमच्या-माझ्या गाडीवरची धूळ ही फक्त धूळ असते. पट्टीत गंज आहे म्हणतात ना ते? ती १९० एसएलची पट्टी आहे, तिच्यावर गाडी उभी राहते. ती सोडून 'हात लावू नका' म्हणणं म्हणजे म्हातारीचा मोडका पाय तसाच ठेवा, अस्सल आहे म्हणून!

माझ्याकडे एक जण यायचे. गाडी पूर्ण उघडली, मूळ रंगात परत केली, पावणेदोन वर्षं लागली. विकायला काढली तर घेणारा म्हणतो, "फारच नवी दिसते." मालकाने तो राग माझ्या बिलावर काढला. शेवटचा हप्ता आजतागायत यायचाय. गंजाला किंमत आणि घामाला नाही, ही कुठली रीत?

धूळभक्त:

हप्त्याचं दुःख समजतं, पण ते इथे का? मी गंज ठेवा म्हटलं नाही, रंगाबद्दल बोललो. वाचत चला. आणि रंग-पत्र्याला लागलेला खर्च विकताना वसूल होत नाही, हे तुमच्याच किश्श्यावरून दिसतं.

पत्राठोक:

वाचतो मी. "हात लावायचाच नसतो" हे तुमचेच शब्द आहेत, वर जाऊन बघा. आयुष्यात कधी स्क्रू तरी पिळलाय का?

जुनं_खोड:

मारामारी थांबवा, एक खटला सांगतो. बेंटलेची 'ओल्ड नंबर वन', १९२९ आणि १९३० ची ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेली. पुढे तिचं इंजिन बदललं, चेसी म्हणजे खालचा सांगाडा बदलला, बॉडी बदलली. एकाने ती एक कोटी पौंडांना घ्यायची ठरवली आणि मग हात वर केले, की ही ती गाडीच नाही. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात पुर्जा पुर्जा मोजला गेला. शर्यत जिंकलेल्या गाडीचं जवळपास काही उरलेलं नव्हतं. तरी न्यायाधीश म्हणाले, हीच ओल्ड नंबर वन. कारण ती मोडून दुसरी बनवली असं कधी झालं नाही, एकच गाडी बदलत बदलत इथवर आली. घेणाऱ्याला व्यवहार पाळावा लागला. आता सांगा, अस्सल काय असतं? पत्रा की कागद?

धूळभक्त:

न्यायालयाने अस्सल म्हटलं म्हणून बाजार तोच भाव देईल असं नाही. उद्या कोणी नुसती चेसी नंबराची पाटी आणून तिच्याभोवती गाडी उभी करेल.

जुनं_खोड:

करतातच. म्हणून तर फाइल बघायची. पहिल्या मालकापासूनची बिलं, दुरुस्त्यांचे फोटो, शर्यतीच्या नोंदी. पाटीभोवती बांधलेल्या गाडीकडे मधल्या तीस वर्षांचा कागद नसतो. ओल्ड नंबर वन त्या कागदांवरच तरली.

पत्राठोक:

हे मात्र खरं. मी दर टप्प्याला फोटो काढून मालकाला देतो, गंज कापण्याआधीचे आणि नवा पत्रा जोडल्यानंतरचे. निम्मे लोक ते हरवतात आणि विकताना मला विचारायला येतात.

धूळभक्त:

फोटो असतील तर माझी हरकत निम्मी कमी. निम्मीच.

सहज_आलो:

गाडी कोणाची, विकायची कोणाला, आणि तुम्ही न्यायालयात पोचलात! मामांची किंमत राहिली की.

चार_आणे:

किंमत काय, घेणारा ठरवतो. १९८९ मध्ये फेरारी घेऊन ठेवणाऱ्यांना विचारा. सगळ्यांचे कागद पक्के होते, नंबर जुळत होते. १९९० नंतर भाव असे कोसळले की पुढे कित्येक वर्षं वर आले नाहीत. गाडी तीच, गॅरेज तेच. म्हणून माझं मत: तुलना करायची तर गेल्या वर्षभरातल्या, खरोखर विकल्या गेलेल्या, पाच-सहा गाड्या घ्या. एकच रेकॉर्ड नको आणि जाहिरातीत मालकाने मागितलेला आकडा तर नकोच. मागायला काय जातंय.

तेलकट_हात:

चार_आणे, हेच केलं. गेल्या वर्षभरात विकल्या गेलेल्या सहा १९० एसएल निवडल्या. त्यातली एक फक्त फोटोत सुंदर होती, वर्णन नीट वाचल्यावर कळलं इंजिन दुसऱ्याच गाडीचं. ती काढून टाकली. उरलेल्या पाचांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत जवळपास दुपटीचा फरक. महागडीकडे मूळ सोलेक्स, कार्डावरचाच रंग आणि जाडजूड फाइल. स्वस्त गाडीची पट्टी मामांसारखीच. मामांची गाडी मधोमध कुठेतरी बसते, पट्टी धरून मधल्याच्याही थोडी खाली. मामांना सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत.

बरं, पट्टी आधी करून मग विकायची की गंज दाखवून तसाच भाव लावायचा? मी म्हणतो दाखवून विका. घेणारा आपल्या मनासारखं करून घेईल, आणि ताज्या रंगाखाली काय दडवलंय हा संशय तरी राहणार नाही.

हिशेबी:

ठीक आहे, दहा मिनिटं नाही. अकरा.

चेष्टा सोडा. विम्याच्या आकड्यापायी माझी दोन वर्षं गेली, तशी मामांची रेकॉर्डच्या आकड्यापायी जाऊ नयेत, एवढं मान्य. पण मूल्यांकनकार लागतो हे अजूनही पटलेलं नाही. तुम्ही स्वतःच केलंत की सगळं! ज्याच्या घरात चुंबक कुठे लावायचं हे कळणारा भाचा नाही, त्याने काय करायचं, ते लिहा.

तेलकट_हात:

त्याने पैसे द्यायचे. आणि पान दोन वाचायचं.

पत्राठोक:

पट्टी तशीच विकायची याला माझा विरोध आहे, पण ते असो. सोलेक्सचं खोकं गाडीबरोबरच द्या, वेगळं विकू नका, एकत्रच जास्त मिळतात. आणि त्यात फ्लोटच्या झाकणांचे स्क्रू आहेत का ते बघा. ते नेहमी हरवलेले असतात.

तेलकट_हात:

तीन आहेत. मामी म्हणतात चौथा शिलाई मशीनला लावलाय.