‘अटर्नी’ला मराठीत काय लिहावे? मुखत्यार, मिळकत, कर्जरोखे आणि ‘हरित लवाद’

प्रश्न

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका निघते आहे. यंदा तीन वकिलांचा परिचय द्यायचा आहे. एक जण अमेरिकेत ‘पब्लिक फायनान्स अटर्नी’ आहे, दुसरे ठाण्यात रिअल इस्टेटचे काम पाहतात आणि तिसरी पुण्यात पर्यावरणाचे खटले चालवते. कच्च्या मजकुरात अनुक्रमे ‘सार्वजनिक वित्त मुखत्यार’, ‘स्थावर संपदा वकील’ आणि ‘हरित लवाद तज्ज्ञ’ असे छापून आले आहे. तिन्ही शब्द मला खटकतात, पण नेमके काय चुकते ते सांगता येत नाही. प्रत्येकाला चारच ओळी आहेत. योग्य शब्द सुचवा, आणि ही मंडळी दिवसभर काय काम करतात तेही सांगितलेत तर परिचय नीट लिहिता येईल.

ठाण्याहून

मी इथे मिळकतीचेच काम पाहतो, म्हणून उत्तर देतो. पहिल्यांदा ‘मुखत्यार’ काढून टाका, त्याने अर्थाचा अनर्थ होतो. इंग्रजीत ‘अटर्नी’ हा एकच शब्द दोन माणसांना चालतो. एक सनदधारक वकील, आणि दुसरा म्हणजे आपण ज्याच्या नावे सहीचे अधिकार लिहून देतो तो, मग तो आपला भाऊ असो की शेजारी. मराठीत या दोघांची कागदपत्रेच वेगळी आहेत. वकिलाला आपण वकीलपत्र देतो आणि सहीचे अधिकार द्यायचे तर मुखत्यारपत्र करतो. सगळ्या कामांचे अधिकार एकत्र दिले की ते कुलमुखत्यारपत्र. बंगालात एके काळी मुखत्यार नावाचा वकिलांचा वर्ग होता, १८७९च्या कायद्यात त्याचा उल्लेख आहे. पण आपल्याकडे आज मुखत्यार म्हटले की दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकापुढे दुसऱ्याच्या वतीने सही करणारा माणूसच डोळ्यापुढे येतो. तुमचा अमेरिकेतला विद्यार्थी तसा वाटायला नको.

मुंबईत ‘अटर्नी’ हा शब्दही जुना आहे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत कागद तयार करणारा अटर्नी म्हणजेच सॉलिसिटर, आणि कोर्टात उभा राहून बोलणारा कौन्सेल, अशी विभागणी होती. १९७६च्या दुरुस्तीनंतर हा वेगळा वर्ग कायद्यात उरला नाही, सगळे ॲडव्होकेट झाले. तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आजही होते, आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, करून ती देणारी मुले आहेत, आणि फोर्टातल्या जुन्या पेढ्यांत त्या पदवीला मान आहे. म्हणून ठाण्याच्या विद्यार्थ्याने ती परीक्षा दिली असेल तर ‘सॉलिसिटर’ लिहा. दिली नसेल तर ‘ॲड.’ पुरे.

आता माझ्या रोजच्या कामाचे शब्द. ‘स्थावर संपदा’ हा कायद्याने आणलेला शब्द आहे, बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या मराठी नावात तो आहे, पण टेबलावर कोणी तो वापरत नाही. आम्ही मिळकत म्हणतो. यातही गावोगावी फरक आहे. पुण्याची महापालिका मिळकतकर घेते, मुंबईची मालमत्ता कर, आणि गावात ती घरपट्टी होते. मराठीत मिळकत म्हणजे कमाईसुद्धा, त्यामुळे स्मरणिकेत ‘स्थावर मिळकत’ असे जोडून लिहा.

कामाचा गाभा म्हणाल तर टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासणे. जुन्या नोंदींच्या शोधाचा अहवाल, म्हणजे सर्च रिपोर्ट, तीस वर्षांचा का काढतात हे पक्षकार नेहमी विचारतात. गहाण सोडवून घ्यायला मुदत कायद्यात तीस वर्षे आहे. तेवढा काळ धुंडाळला नाही तर एखादे जुने गहाणखत उद्या उभे राहू शकते. सातबारा, फेरफार, शहरात मिळकत पत्रिका, निबंधकाकडची सूची, असे सगळे चाळल्यावर पेपरात जाहीर नोटीस द्यायची : ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की…’. चौदा दिवसांत हरकत आली नाही, तरच मालकी निर्वेध व बोजारहित आहे असे सहीनिशी लिहून द्यायचे. या ‘निर्वेध’ शब्दाची जबाबदारी फार मोठी आहे. बँक त्याच एका शब्दावर कर्ज देते.

स्मरणिकेत एक चूक हमखास होते, तीही सांगून ठेवतो. साठेखत म्हणजे विक्रीचा करार. त्याने मालकी जात नाही, ती खरेदीखताने जाते. बातम्यांतही दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकत घेतलेल्यांची’ कहाणी तर त्याहून वाईट. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले की अशा कागदाने मालकी मिळत नाही. एका शब्दापायी आयुष्याची पुंजी अडकलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून एवढे आग्रहाने लिहितो.

न्यू जर्सीहून

तुमचा विद्यार्थी जे काम करतो त्याच क्षेत्रात मी आहे, म्हणून लिहितो. ‘सार्वजनिक वित्त’ म्हटले की मराठी वाचकाला बी. ए.चे अर्थशास्त्र आठवेल, राजस्व, कर, अंदाजपत्रक. आमचे काम त्यापेक्षा बरेच नेमके आहे. एखादे शहर, शाळामंडळ किंवा पाणीपुरवठा मंडळ लोकांकडून कर्ज उभारते, त्या कर्जरोख्यांचे वकील आम्ही. इथे याला ‘बॉण्ड कौन्सेल’ म्हणतात. मराठीत लिहिताना ‘कौन्सिल’ होऊ देऊ नका, ते मंडळ वाटते.

हा पेशा कसा जन्मला ते चार ओळींत बसणार नाही, पण माहीत असावे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आपल्या गावावरून जावी म्हणून अमेरिकेतल्या अनेक गावांनी रोखे काढून पैसे दिले. काही ठिकाणी रेल्वे आलीच नाही. मग गावे म्हणू लागली की आम्हाला हे कर्ज काढायचा अधिकारच नव्हता, सबब रोखे रद्द. रोखे घेणारे पोळले. तेव्हापासून खरेदीदार हटून बसले : आधी बाहेरच्या, नावाजलेल्या वकिलाचा लेखी अभिप्राय आणा, मग पैसे. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांचे नाव या संदर्भात नेहमी निघते. स्थानिक संस्थेला राज्याने दिले तेवढेच अधिकार, हा त्यांचा १८६८चा दंडक आजही आम्ही धरून चालतो.

तो अभिप्राय अजून आमच्या कामाचा कणा आहे. त्यात मुख्यतः दोन गोष्टी लिहायच्या : रोखे काढण्याचा अधिकार होता व पद्धत पाळली, आणि त्यांच्या व्याजावर केंद्राचा आयकर लागत नाही. दुसरी गोष्ट चुकली तर हजारो लोकांच्या व्याजावर कर बसतो. त्यामुळे नवख्या वकिलाची पहिली काही वर्षे ठरावांच्या प्रती, सभेच्या नोटिसा आणि कराच्या नियमांत जातात. कोर्टाचे तोंडही न पाहता निवृत्त झालेले लोक आहेत. आपल्याकडे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणतात, आमचे सगळे काम पक्षकाराला ती पायरी चढावी लागू नये म्हणूनच असते.

पुण्याहून

‘अभिप्राय’ बरोबर आहे, पण सुटा नको. सरकारी फायलीत ‘विधी व न्याय विभागाचे अभिप्राय’ म्हटले की त्याला वजन असते. सामान्य वाचक मात्र अभिप्राय म्हणजे वहीत लिहायच्या दोन बऱ्या ओळी समजतो. ‘कायदेशीर अभिप्राय’ लिहावे.

कर्जरोखे हा शब्द इथल्या वाचकाला परका वाटायचे कारण नाही. अहमदाबादने १९९८मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. पुणे महापालिकेने जून २०१७मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटींचे काढले, व्याज ७.५९ टक्के. रोखेबाजाराची नियामक सेबी, तिचे २०१५चे नियम त्यासाठीच आहेत. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याच्या कामाला आपल्याकडेही जागा तयार होते आहे, ते अवश्य लिहा.

आता ‘हरित लवाद’. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका रुजवला आहे की सांगून कंटाळा येतो, तरी सांगते. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी आपल्या मर्जीने नेमलेला, ज्याचा निवाडा मानायचे त्यांनी आधीच कबूल केलेले असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१०च्या कायद्याने स्थापन झाले आहे, तिथे कोणी कोणाच्या मर्जीने जात नाही. कारखान्याने नदीत सांडपाणी सोडले तर गावकरी थेट त्याला तिथे खेचू शकतात. तेव्हा ‘न्यायाधिकरण’च लिहा, लांब वाटला तरी. पाणीतंट्यांच्या बाबतीतही हीच गफलत होते, कृष्णा पाणीतंटा ‘लवाद’ म्हणतात, तेही न्यायाधिकरणच.

पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली, दमण-दीव इथली प्रकरणे इकडे येतात. न्यायाधीशासोबत तज्ज्ञ सदस्य बसतात, त्यामुळे वकिलाला कलमांइतकेच सांडपाण्याच्या चाचणीचे आकडे आणि जनसुनावणीचे इतिवृत्त वाचता यावे लागते. मुदतीचेही भान हवे. पर्यावरण मंजुरीविरुद्धचे अपील तीस दिवसांत करायचे, सबळ कारण असेल तर पुढचे साठ, त्यानंतर दार बंद. गावाला मंजुरी कळेपर्यंतच निम्मी मुदत उलटते, ही माझी खरी तक्रार आहे.

‘तज्ज्ञ’ शब्दाबद्दल सावध राहा. वकिलाने जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम ३६ आहे, आणि पाटीवरही अमुक कामात विशेष प्रावीण्य असल्याचे लिहू नये असे तो म्हणतो. २००८पासून संकेतस्थळावर कामाचे क्षेत्र सांगायला मुभा आहे. स्मरणिकेत ‘काम पाहतात’ म्हणा, फोन नंबर छापू नका.

ठाण्याहून

ताई, ‘न्यायाधिकरण’ मान्य. मिळकत आणि पर्यावरण यांच्यातल्या नात्याबद्दल थोडे सांगतो. जुन्या खरेदीखतांत मिळकतीचे वर्णन चतुःसीमांनंतर असे येते : ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’. इनामाच्या सनदांतून आलेला हा मजकूर आजही काही लेखनिक टाकतात. जमीन घेणारा पाणी, झाडे, गवत, दगड सगळेच घेतो असे त्यात मानले आहे. आज मी बांधकामाची मिळकत तपासतो तेव्हा झाड तोडायची परवानगी वेगळी, खडी काढायची वेगळी, आणि बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर पर्यावरण मंजुरी वेगळी. टायटल निर्वेध असूनही प्रकल्प अडतो. म्हणून हल्ली आमच्या अहवालात या मंजुऱ्यांचा भाग वाढत चालला आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. मजकूर असा बदलला आहे :

‘अमेरिकेत वकिली. शहरे व शाळामंडळे यांच्या कर्जरोख्यांना लागणारा कायदेशीर अभिप्राय देण्याचे काम करतात.’

‘ॲड. …, ठाणे. स्थावर मिळकतींचे टायटल तपासणे, खरेदीखते व गृहनिर्माण संस्थांचे मानीव अभिहस्तांतरण, असे काम पाहतात.’

‘ॲड. …, पुणे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभाग पीठापुढे पर्यावरणविषयक प्रकरणे चालवतात.’

दुसऱ्या परिचयात ‘मानीव अभिहस्तांतरण’ (बिल्डरने करून दिले नाही तरी सोसायटीच्या नावे कायद्याने होणारे जमीन-इमारतीचे हस्तांतरण) ठेवले आहे, कारण सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लोक तो शब्द वाचतातच. कंसात ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ द्यावे का?

ठाण्याहून

द्यावे. सभासद बोलताना तेच म्हणतात.