पत्रीच्या यादीतली कण्हेर आणि आपली अंगणं

प्रेषक: ओवीची आई, शुगर लँड
विषय: पत्रीच्या यादीबद्दल, कृपया सगळ्यांनी वाचा

मंडळी, नमस्कार.

गणपतीची पत्री यंदा बालवर्गातल्या मुलांनीच आपापल्या अंगणातून गोळा करून आणायची, हे वाचून खूप आनंद झाला होता. पण यादीत कण्हेर, धोत्रा आणि रुई ही नावं दिसली आणि पोटात गोळा आला. मागच्या महिन्यात आमच्याकडे जे झालं, ते सांगते.

ह्यूस्टनजवळचं हे घर आम्ही डिसेंबरात घेतलं. मागच्या कुंपणाला लागून डोक्याच्या वर गेलेली दाट हिरवी झुडपं होती, तेव्हा एकही फूल नव्हतं. घर बघायला आलेल्या माणसाने छप्पर, पाया, एसी सगळं तपासलं, पण झाडांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एप्रिलात गुलाबी फुलांचे घोस लगडले. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवले, तर त्या हरखून म्हणाल्या, "अगं, ही तर कण्हेर! देवाला फुलं विकत आणायला नकोत आता." तेव्हापासून रोज परडीभर फुलं मी देवाला वाहत होते आणि ओवी माझ्याबरोबर ती तोडत होती.

तिच्या वाढदिवसाला सात-आठ मुलं मागच्या अंगणात भातुकली खेळत होती. कागदी कपात पाणी, त्यात पानं चुरून 'चहा', आणि ढवळायला त्याच झाडाची काडी. पाहुण्यांचा चार वर्षांचा मुलगा तो चहा खरंच प्यायला. मी धावत गेले तेव्हा त्याच्या हातात एक लांबट पान होतं, आणि मधल्या जाड शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक दात उमटलेले होते. ते पान अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पॉइझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्राला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं: मुलाचं वय किती, वजन किती, काय खाल्लं, किती वेळ झाला. तोंडातला चोथा काढा, तोंड पुसा, घोटभर पाणी द्या, उलटी करवू नका आणि आत्ता लगेच इमर्जन्सीत न्या, असं सांगितलं. तिथे छातीला तारा लावून रात्रभर ठोके बघितले, रक्तातलं पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासलं. दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं, आणि आता तो अगदी बरा आहे. पण ती रात्र त्याच्या आईने माझा हात धरून काढली. घर माझं होतं, झाड माझं होतं.

यादीतून ही तीन नावं काढावीत, एवढीच विनंती.

— ओवीची आई

प्रेषक: माई, पर्लंड

ओवीच्या आई, वाचून काळजात धस्स झालं. मूल सुखरूप आहे, ही बाप्पाची कृपा.

तरी एक सांगते, राग मानू नको. वाईला आमच्या परसात विहिरीजवळ लाल आणि पांढरी, दोन्ही कण्हेरी होत्या. आम्ही पाच भावंडं तिथेच लहानाची मोठी झालो. बिट्टीच्या बियांनी तर खेळायचोसुद्धा. कुणाला कधी काही झालं नाही. एकवीस पत्रींत करवीर आहे, धत्तूर आहे, अर्क आहे. पिढ्यानपिढ्या वाहत आलो. इथे आल्यावर एकेक गोष्ट सुटत चालली आहे, आता पत्रीही अर्धी करायची का? पुजेचं ताट मोठ्यांनी सांभाळलं तर चालणार नाही का?

— माई

प्रेषक: डॉक्टरवहिनी, केटी

माई, तुमचा प्रश्न मनाला लागला, म्हणून नीट लिहिते.

झाड तेच आहे. वाईच्या कण्हेरीतही हेच विष होतं. पान, फूल, साल, मूळ, चीक, सगळ्यांत. पान वाळलं तरी विष जात नाही, आणि फुलं ज्या पाण्यात ठेवली ते पाणीही प्यायचं नाही. हृदयाचे ठोके सांभाळणारं डिगॉक्सिन नावाचं औषध आहे ना, त्याच्याच जातीचं हे द्रव्य. आधी मळमळ, उलट्या, पोटात कळा, मग ठोके मंद आणि वेडेवाकडे होत जातात. डिगॉक्सिनवरचा जो उतारा आहे तोच वेळ पडली तर यावरही देतात. मुलगा 'बरा दिसतोय' म्हणून घरी बसून वाट बघायची नसते, ती याचसाठी. ओवीच्या आईने फोनही लगेच केला आणि सांगितलं तसंच केलं.

आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तिची बी तर फारच वाईट. तुम्ही पाच जण तिच्याशी खेळलात, पण ती तोंडात घालायची नाही हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असणार. आठवून बघा. इथे झाड आहे आणि ते सांगणारं कुणी नाही. नर्सरीतल्या कुंडीच्या चिठ्ठीवर ऊन किती, पाणी किती एवढंच असतं.

धोत्र्याने माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंडाला कोरड पडते, अंग तापतं. रुईची गोष्ट निराळी, तिचा चीक डोळ्यात जाता कामा नये. बुबुळाला सूज येऊन दिसेनासं होतं, आणि कधी कधी दुखतही नाही, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो. आपल्यातले काही जण फुलपाखरांसाठी मोठ्या पानांची 'जायंट मिल्कवीड' लावतात. ती आपली रुईच. मारुतीच्या हारासाठी तोडाल तर हातमोजे घाला, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

पॉइझन कंट्रोलचा नंबर सगळ्यांनी फ्रिजवर लावा: १-८००-२२२-१२२२. दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, आणि दुभाषी मागता येतो. आजी-आजोबा भारतातून आले की त्यांना हा नंबर पहिल्या दिवशी दाखवा. दुपारभर नातवंडं त्यांच्याजवळच असतात. मूल बेशुद्ध पडलं, झटके आले किंवा श्वास घेता येईना, तर मात्र थेट ९११.

— वहिनी

प्रेषक: नाना, क्लिअर लेक

नमस्कार मंडळी. चाळीस वर्षं या भागात बागकाम करतोय.

ह्यूस्टनच्या आसपास इतकी कण्हेर का, असं नवीन लोक विचारतात. १८४१ साली जोसेफ ऑस्टरमन नावाच्या व्यापाऱ्याने जमैकाहून गॅल्व्हेस्टनला कण्हेरीची रोपं आणली. खारा वारा, रेताड जमीन, कडक ऊन, काहीही तिला चालतं. १९०० च्या महाभयंकर वादळानंतर बेटाची जमीन भर घालून उंच केली, तेव्हा पुन्हा कण्हेरीच लावल्या. आजही गॅल्व्हेस्टनला 'ओलिअँडर सिटी', म्हणजे कण्हेरीचं शहर, म्हणतात. आणि दक्षिणपूर्व टेक्सासचं विषबाधा केंद्रही गॅल्व्हेस्टनमध्येच आहे.

काढायची असेल तर ऐका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. फांद्या छाटल्या की खोड बुंध्यापासून कापा आणि मुळं खणून काढा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा धुमारे फुटतात. जाळायचं अजिबात नाही. धूरही विषारी असतो. चिपरने (फांद्यांचे तुकडे करणाऱ्या यंत्राने) बारीक करून भाजीच्या वाफ्यात टाकायचं नाही, कंपोस्टात नाही. काड्यांवर कणीस किंवा पनीर भाजायचं तर मनातही आणू नका. शहराच्या कचऱ्याच्या नियमाप्रमाणे बांधून बाहेर ठेवा. कात्री-करवत साबणाने धुवा.

घरात लहान मूल नसेल आणि झाड ठेवायचंच असेल, तर खालच्या फांद्या काढा, पडलेली पानं रोज झाडा, आणि कुंपणाच्या आत शेजारची मुलं, कुत्री येत नाहीत एवढं बघा.

त्या जागी काय लावाल? जास्वंद लावा, पण गोठवणाऱ्या रात्री तिला झाका. त्यापेक्षा टर्क्स कॅप लावा. टेक्सासचीच, जास्वंदीच्या कुळातली, लाल मिटल्या कळीसारखी फुलं, सावलीतही फुलते, विषारी नाही. बाप्पाला लाल फूलच हवं ना?

— नाना

प्रेषक: सोसायटीतले नवीन, मिसुरी सिटी

नाना, कुत्र्याचं निघालंच म्हणून लिहितो. आमच्या समोरच्या दाराशी दोन बाजूंना सॅगो पाम, ताडासारखी दिसणारी शोभेची झाडं होती, आधीच्या मालकाने लावलेली. त्यातली एक मादी. मध्यभागी केशरी-लाल बियांचा पुंजका धरला होता. आमच्या लॅब्राडोरने त्या बिया खाल्ल्या. संध्याकाळी उलट्या, आम्हाला वाटलं काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल. तिसऱ्या दिवशी डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलं. यकृत गेलं होतं. एक-दोन बियाही कुत्र्याला पुरतात, हे आम्हाला नंतर कळलं. नऊ वर्षांचा होता, मुलीबरोबरच वाढला.

ज्यांच्याकडे सॅगो आहे त्यांनी आज बाहेर जाऊन मध्यभागी बघा. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या थंडीत जळून गेलेले सॅगोही मुळापासून पुन्हा फुटलेत, त्यांनाही बिया धरतात.

प्रेषक: डॉक्टरवहिनी, केटी

फार वाईट वाटलं. प्राण्यांसाठी वेगळा नंबर आहे, एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा: ८८८-४२६-४४३५. त्याचे पैसे पडतात, पण अशा वेळी तास-दोन तास वाचतात. प्राण्याने सॅगोचं काहीही चघळलं तर उलटीची वाट बघू नका, लगेच पशुवैद्याकडे न्या. सुरुवातीच्या काही तासांतच काय ते करता येतं.

— वहिनी

प्रेषक: बंड्याचे बाबा, द वूडलँड्स

आमच्याकडे पाइनच्या झाडावर पॉइझन आयव्हीची वेल चढली आहे. मागच्या शनिवारी हाताने ओढून काढली आणि आता दोन्ही हातांवर, मानेवर फोड. बंड्यालाही झालंय, तो तर झाडाजवळ गेलाही नव्हता. फोडातलं पाणी लागून पसरतं का?

प्रेषक: नाना, क्लिअर लेक

फोडातल्या पाण्याने पसरत नाही. वेलीचं तेल तुमच्या शर्टावर, हातमोज्यांवर, करवतीच्या मुठीवर राहिलं, ते बंड्याला लागलं. कुत्रा असेल तर त्याच्या केसांवरूनही येतं.

गावाकडच्यांना एका शब्दात सांगतो: बिब्बा. बिब्बा उतला की अंगावर जे येतं तेच हे. बिब्बा, काजूच्या टरफलातलं तेल, आंब्याचा चीक आणि ही वेल, सगळी एकाच कुळातली. ज्यांना लहानपणी बिब्बा उतला होता किंवा आंब्याच्या चिकाने ओठ फुटतात, त्यांनी हिच्यापासून दोन हात लांबच राहावं.

तीन-तीन पानांचा झुबका, मधल्या पानाला लांब देठ. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीच्या खोडाला केसाळ मुळं असतात, दोरखंडासारखी दिसतात. थंडीत पानं नसली तरी ते खोड उतवतंच. हात लागला की भांडी घासायच्या साबणाने आणि गार पाण्याने लगेच धुवा, जितकं लवकर तितकं बरं. कपडे वेगळे धुवा. हीसुद्धा जाळायची नाही. धुरातून तेल फुप्फुसात जातं. मानेवरचे फोड चेहऱ्याकडे सरकले, तर वहिनींना किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवाच.

पाइनचं निघालं म्हणून: २०२४ च्या मे मधलं वादळ आणि जुलैतलं बेरिल चक्रीवादळ, दोन्हींत आपल्यापैकी किती जणांच्या छपरावर झाडं आली, आठवतंय ना? बुंध्याशी आळंबी उगवली असेल, एका बाजूची माती वर आली असेल, तर प्रमाणपत्र असलेल्या झाडतज्ज्ञाला बोलवा. आणि ओकच्या फांद्या फेब्रुवारी ते जून या काळात छाटू नका, त्या दिवसांत ओक विल्टचा रोग जखमेतून शिरतो. यावर बोलायचं असेल तर वेगळा मेल काढू.

— नाना

प्रेषक: माई, पर्लंड

वहिनी, तुमचं वाचून खरंच आठवत बसले.

आजी विहिरीवर धुणं धूत असायची. कण्हेरीचं फूल तोडलं की तिची हाक यायची, "हात धुतलेस का गं?" पेरू हातात घेतला तरी आधी हात दाखवायला लावायची. बिट्टी कुणी दातात धरली, तर पाठीत धपाटा बसायचा. गुरांना त्या बाजूला बांधत नसत. मला वाटत होतं तिची शिस्त कडक. ती आम्हाला राखत होती, हे आज सत्तरी ओलांडल्यावर कळतंय.

ओवीच्या आई, मी म्हटलेलं मागे घेते. मी यादी पुन्हा लिहून पाठवते. दूर्वा तर इथे पायाखालीच आहेत, बर्म्युडा गवत म्हणजेच दूर्वा, फक्त औषध न फवारलेल्या लॉनवरच्या घ्या. डाळिंब माझ्याकडे आहे, तुळस सगळ्यांकडे. कण्हेर, धोत्रा, रुई यांच्या जागी अक्षता वाहू, तसं करायची पद्धत आहेच. मुलांना पानं ओळखायला मी शिकवीन, आणि कण्हेरीचाही फोटो दाखवीन, 'हिला हात लावायचा नाही' हे सांगायला.

— माई

प्रेषक: ओवीची आई, शुगर लँड

माई, डोळे भरून आले.

येत्या शनिवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आम्ही कुंपणाच्या कण्हेरी काढतोय. नाना करवत घेऊन येणार आहेत. मोठ्यांचे दोन-तीन हात आणखी मिळाले तर बरं होईल, हातमोजे आणि लांब बाह्या घालून या. मुलं समोरच्या घरात थांबतील, तिथे त्यांच्याकडे बघायला माई बसणार आहेत. पोहे आणि चहा माझ्याकडे. त्या मुलाची आईही येतेय. तिनेच टर्क्स कॅपची चार रोपं आणून ठेवली आहेत.

— ओवीची आई