व्ही.पी.ने आलेली प्रयोगशाळा : तुमचे अनुभव लिहा

माळा आवरताना सुतळी बांधलेला एक खोका सापडला. आत एक भिंग, दोन चुंबकपट्ट्या आणि सायक्लोस्टाइल केलेलं माहितीपत्रक, घडीवरची अक्षरं उडालेली. एकदम आठवलं. मासिकांच्या शेवटच्या पानांवर जाहिराती असायच्या : पोस्टकार्ड टाका, विज्ञानसंच व्ही.पी.ने घरपोच. पोस्टमनच्या हातात पैसे ठेवल्याशिवाय पार्सल मिळायचं नाही, त्यामुळे आत काय निघतंय हाच पहिला प्रयोग. तुम्ही काय मागवलं होतं? चाललं का? न चाललेले किस्से आधी येऊ द्या.

मिरज, १९८३

सहावीत होतो. जाहिरात होती बिनबॅटरीच्या रेडिओची. वडील म्हणाले, "बिनबॅटरीचा? मग आपला रेडिओ महिन्याला सेल कशाला खातो?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण दिवाळीचे पैसे होते.

खोक्यात फेराइटचा काळा दांडा, तांब्याच्या तारेचं छोटं बंडल, गँग (केंद्र लावायची फिरकी), ओए ७९ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा) आणि एक इअरफोन. तार दांड्यावर गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटून. मध्येच हात सुटला की सगळं उलगडायचं, स्प्रिंगसारखं. दोनदा उलगडलं. गच्चीवर एरियल टाकली, अर्थची तार नळाला बांधली. आवाज नाही. तीन दिवस नाही.

शेवटी गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांकडे नेला. त्यांनी चष्मासुद्धा वर केला नाही. तारेचं टोक नखावर ठेवलं, ब्लेडनं खरवडलं. तपकिरी टोक चकचकीत लाल झालं. "वार्निश कोण काढणार, तुझा मामा?" तारेवर इनॅमलचा थर असतो आणि त्यातून वीज जात नाही, हे माहितीपत्रकात कुठेही नव्हतं. (तिन्ही पानं मी पाठ केली होती.)

त्या रात्री सांगली केंद्र लागलं, १२५१ किलोहर्ट्झ. कापसातून यावा तसा आवाज, कुणीतरी उसावरच्या रोगाबद्दल बोलत होतं. तो मी शेवटपर्यंत ऐकला. केंद्राकडून येणाऱ्या लहरीतच तेवढी ताकद असते, वेगळा सेल लागत नाही, हे मग वडिलांना ऐटीत सांगितलं. आजीनं इअरफोन कानाला लावला आणि म्हणाली, "माणूस बोलतोय खरा, पण कुणाच्या घरातला?"

पुणे

मिरजकर, माझाही तोच संच असावा. डायोड उलटा लागला असेल या भीतीनं मी तो इतक्यांदा काढून लावला की त्याचा पायच तुटला. दुसरा आमच्या इथल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणला. दुकानदार म्हणाला, या रेडिओत डायोड कसाही लाव, फरक पडत नाही. तेव्हा खूप राग आला होता.

चिपळूण

मी मुलगी असून रसायनांचा संच मागवला म्हणून आधीच घरात चर्चा. तो आला भर जुलैत. पोटॅशियम परमँगनेटच्या बाटलीचं बूच सैल होतं आणि खोका भिजलेला. पोस्टमनकाकांची खाकी पिशवी, त्यांचे हात, आमच्या ओटीची कड, सगळं जांभळं. माझी बोटं तासाभरात तपकिरी पडली. साबणानं काही होईना, मी रडायला लागले.

आजी म्हणाली, हे तर विहिरीत टाकायचं औषध. तांब्या घासून उरलेलं अर्धं लिंबू तिनं माझ्या बोटांवर चोळलं. डाग डोळ्यांदेखत विरला. तो मँगनीज डायऑक्साइडचा होता आणि लिंबातल्या आम्लानं गेला, हे मला कळलं थेट बारावीत. संचातले बाकी प्रयोग आता आठवतही नाहीत. पिशवीचा डाग मात्र राहिला आणि काका मला "काय शास्त्रीणबाई" म्हणू लागले.

लातूर, १९८६

हॅलेच्या धूमकेतूसाठी जानेवारीत दुर्बिणीचा संच मागवला. धूमकेतू ९ फेब्रुवारीला सूर्याजवळून गेला, एप्रिलमध्ये पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. संच आला मे महिन्यात. दोन भिंगं आणि पुठ्ठ्याच्या नळ्या. मोठ्या भिंगाचं नाभीय अंतर ५० सेंमी, डोळ्याकडच्याचं अडीच, म्हणजे वीसपट. चंद्राला जांभळी झालर दिसायची आणि तो उलटा.

मे अखेरीस ज्येष्ठा नक्षत्राजवळ एक पिवळट तारा होता, त्यावर नळी धरली. तो गोल दिसेना. लांबट, शेंगदाण्यासारखा. मी भिंग पुसलं, नळी फिरवली, तरी लांबटच. भिंग खराब आहे असं चिडून पत्रही लिहिलं. उत्तर आलं नाही. कॉलेजात गेल्यावर वाचलं की १६१० मध्ये गॅलिलिओलाही अशाच ताकदीच्या दुर्बिणीतून शनी गोल दिसला नव्हता, तीन गोळे चिकटल्यासारखा वाटला होता. मी कडी बघत होतो आणि तक्रार करत होतो.

पिट्सबर्ग

इथल्या एका गराज सेलमध्ये निळी चपटी डबी मिळाली, 'थिंग्ज ऑफ सायन्स'ची. वॉशिंग्टनची सायन्स सर्व्हिस ही संस्था १९४० पासून वर्गणीदारांना दर महिन्याला अशी एक डबी टपालानं पाठवायची, दर वेळी विषय वेगळा. माझ्या डबीत पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पातळ पट्टीचे, दोन तुकडे होते. एकावर एक आडवे धरले की अंधार, मध्ये सेलोटेप घातली की रंग. मुलानं एक तुकडा माझ्या मोबाइलसमोर फिरवला. स्क्रीन काळी. तो म्हणाला, "आई, फोन बंद पडला!"

सोलापूर

माझी व्ही.पी. आली तेव्हा वडील फिरतीवर होते आणि आईकडे तेवढे पैसे नव्हते. पोस्टात काही दिवस पडून राहिली. शाळेतून येताना रोज खिडकीतून बघायचो, वजनकाट्याशेजारी होती. मग एके दिवशी नव्हती. मेणबत्तीवर चालणारी बोट होती म्हणे आत. कुणाकडे होती का?

मिरज

होती. पत्र्याची, आत तांब्याच्या नळीचं वेटोळं. नळीत पाणी भरून मेणबत्ती लावली की फटफट करत घमेल्यात फिरायची. सरळ कधी गेली नाही.