नाशिकच्या बंगल्यामागे गरम टब आणि थंड पाण्याचं कुंड

नमस्कार मंडळी,

नाशिकला गंगापूर रोडला आमचा बंगला आहे, आई-बाबा तिथेच असतात. बाबांचे गुडघे धरलेत. गेल्या वर्षी ते इथे आले तेव्हा रोज संध्याकाळी आमच्या अंगणातल्या गरम टबमध्ये बसायचे आणि मग कठडा न धरता जिना चढायचे. नाशिकलाही मागच्या अंगणात तसाच टब आणि शेजारी थंड पाण्याचं छोटं कुंड करावं असं फार मनात आहे. टब इथूनच कंटेनरने पाठवू का? तिथे कोणी केलंय का?

— ह्यूस्टनहून

नमस्कार दादा,

आम्ही परत येऊन इंदिरानगरला घर बांधलं तेव्हा हेच केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

टब तिथून पाठवू नका. तिकडे वीज 60 हर्ट्झची, इकडे 50. तिकडची मोटर इथे सावकाश फिरते, पाण्याला जोर राहत नाही. वायरिंगही जुळत नाही. इथल्या विजेवर चालणाराच घ्या, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसल्याशिवाय कोणाला पाण्यात उतरू देऊ नका.

खरं दुखणं जमिनीचं. काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. दीड हजार लिटरचा टब म्हणजे नुसतं पाणीच दीड टन. आमच्या ठेकेदाराने काळ्या मातीवरच चार इंच काँक्रीट ओतलं. पहिल्याच पावसाळ्यात टब कलला, एका कडेला पाणी काठाशी आणि समोरच्या कडेला तीन बोटं खाली. सगळं रिकामं केलं, काँक्रीट फोडलं, मुरूम लागेपर्यंत माती काढली. मग मुरूम भरून थराथराला पाणी मारून धुम्मस केला, वर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, त्यावर जाळी टाकून स्लॅब. तेव्हापासून टब तसूभर हललेला नाही.

एवढं पाणी 25 अंशांवरून 38 वर न्यायला साधारण 23 युनिटं लागतात, म्हणजे तीन किलोवॉटच्या हीटरला साडेसात तास. जाड झाकण घ्याच. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर पांढरा थर चढतो, आधी तपासून घ्या.

कुंडाचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहाच्याही खाली जातो, चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, जेमतेम लागतो. मे महिन्यात मात्र दिवसभर घरघरतो. पण बाबांसाठी कुंडाची घाई नको. गार पाण्यात एकदम शिरलं की श्वास अडखळतो, रक्तदाब झपकन चढतो. गरम पाण्यातून उठताना उलटं, रक्तदाब उतरून चक्कर येते. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका. टबाला पायऱ्या, दोन्ही बाजूंना स्टीलचा कठडा, भोवती पॉलिश न केलेली शहाबादी. आणि झाकणाला कुलूप, शेजारची लहान मुलं अंगणात येतातच.

— इंदिरानगरहून

ताई,

मेल वाचून लगेच घरी फोन लावला. अंगणात काळीच माती आहे, पारिजातकापाशी उन्हाळ्यात भेगा पडतात म्हणाली आई. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, हे मी आधीच लिहायला हवं होतं. कुंड रद्द. टबचंही त्यांचे डॉक्टर हो म्हणाले तरच. दिवाळीनंतर तीन आठवडे येतोय, खड्डा माझ्यासमोरच खणून घेईन. दुसऱ्यांदा तुमचं काम ज्यांनी केलं त्यांचा नंबर मला वेगळा पाठवाल का?