मदत हवी आहे : ड्यू पॉइंट मीटर उणे ३८ च्या खाली उतरत नाही

नमस्कार मंडळी, शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसाठी नायट्रोजन सिलिंडर वापरतो. सर्टिफिकेटवर ओलावा ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५ भाग) आत, म्हणजे ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला गॅसमधला ओलावा साचू लागतो ते; जितका खाली तितका गॅस कोरडा) साधारण उणे ६५ अंश यायला हवा. पोर्टेबल मीटर (सिरॅमिक सेन्सर) मात्र उणे ३८ दाखवतो, म्हणजे जवळपास १६० पीपीएम.

जोडणी अशी : रेग्युलेटर, सव्वा मीटर टेफ्लॉन नळी, नीडल व्हॉल्व्ह सेन्सरच्या आधी, त्यामुळे मोजमाप वातावरणीय दाबाला. बाहेर पडायला एक मीटर नळी जोडलीय, नाहीतर बाहेरची दमट हवा उलटी आत शिरते. सिलिंडर जोडल्यावर रेग्युलेटर तीन-चारदा भरून रिकामा केला, मग तासभर पर्ज (गॅस वाहू देऊन नळी साफ करणे). साबणाच्या पाण्याने गळती दिसली नाही, पण त्या तपासणीवर माझा फारसा भरवसा नाही. बारीक फटीतून गॅस बाहेर जात असला तरी ओलावा आत येतोच, आणि कोल्हापूरच्या जुलैत तर विचारूच नका.

महत्त्वाची खूण : फ्लो २ वरून ५ लिटर प्रतिमिनिट केला की आकडा उणे ४६ वर जातो, कमी केला की परत वर. गॅसच ओला असता तर इतका फरक पडला नसता; ओलावा वाटेत शिरत असेल तरच जास्त फ्लोमध्ये तो विरळ होतो. म्हणून संशय रेग्युलेटरच्या रबरी डायफ्रॅमवर (आतल्या लवचिक पडद्यावर) आहे, रबरातून ओलावा झिरपतो.

स्टीलच्या डायफ्रॅमचा रेग्युलेटर आणि स्टीलची नळी लावून कुणाला फरक दिसलाय का? नीडल व्हॉल्व्हच्या ग्लँडमधूनही (दांड्याभोवतीच्या सीलमधूनही) ओलावा येऊ शकतो का? आणि कोल्हापूर-सांगली भागात उणे ६० पर्यंत कॅलिब्रेशन करणारी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची लॅब माहीत असेल तर सांगा.